घास चिऊचा, घास काऊचा, घास मोबाईलचा

प्रश्न : मुलगा चौदा महिन्यांचा आहे. मोबाईलवर बालगीतं लावल्याशिवाय तोंडच उघडत नाही. सासूबाई म्हणतात, 'लाव की, चार शब्द तरी शिकंल.' खरंच शिकतात का? (एक आई, राजारामपुरी)

या वयात जवळजवळ नाहीच. 2003 साली अमेरिकेतल्या सिएटलच्या संशोधक पॅट्रिशिया कूल यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना 12 वेळा चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर चिनी बोलणारी माणसं प्रत्यक्ष बसली, खेळली, पुस्तकं वाचली. ती बाळं चिनीतले बारीक ध्वनी ओळखायला लागली. तीच माणसं, तेच बोलणं टीव्हीवर पाहणाऱ्या बाळांच्या पदरात काहीच पडलं नाही.

2010 साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ज्युडी डीलोश यांनी 12 ते 18 महिन्यांच्या मुलांना शब्द शिकवणारी डीव्हीडी चार आठवडे दाखवून बघितली. ती न पाहिलेल्या मुलांपेक्षा यांना जास्त शब्द आले नाहीत. सगळ्यात जास्त शिकली ती ज्यांच्या आईबापांनी तेच शब्द घरात येताजाता वापरले ती मुलं. गंमत म्हणजे, ज्या पालकांना डीव्हीडी आवडली होती, त्यांना आपलं मूल पुष्कळ शिकलंय असं वाटत होतं!

आता 'हा घास चिऊचा, हा घास काऊचा' आठवा. बाळ मान फिरवतं, आपण थांबतो. ते 'आऽ' करतं, आपणही 'आऽ' करतो. पोट भरलं की हात झटकतं, ते आपल्याला कळतं. मोबाईल यातल्या कशालाच उत्तर देत नाही, आणि गाण्यात गुंगलेल्या बाळाला पोट भरल्याचंही भान राहत नाही. म्हणून आधी फक्त सकाळचं जेवण मोबाईलशिवाय करा. तीन-चार दिवस रडारड होईल, दोन घास कमी जातील, जाऊ देत. (वजन वाढत नसेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.) सासूबाईंशी वाद घालू नका, उलट वाटी त्यांच्याच हातात द्या. चिऊकाऊ त्यांना तुमच्यापेक्षा जास्त येतात.

प्रश्न : लेक परदेशात असते. नात सव्वादोन वर्षांची. लेक म्हणते, लहान पोरांना स्क्रीन वाईट, व्हिडिओ कॉल आठवड्यातून एकदाच. आम्ही काय करायचं? (एक आजोबा, गंगावेश)

आजोबा, हे लेकीला वाचून दाखवा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको असं सांगितलंय, पण नातेवाइकांच्या व्हिडिओ कॉलला त्यातून सूट दिलीय. तुमची नात तर त्याहून मोठी. 2014 साली अमेरिकेत 24 ते 30 महिन्यांच्या मुलांना नवी क्रियापदं शिकवून पाहिली. समोर बसलेल्या माणसाकडून मुलं शिकली, व्हिडिओ कॉलवरच्या माणसाकडूनही शिकली. रेकॉर्ड केलेल्या चित्रफितीतून मात्र नाही, कारण ती मुलाच्या बोलण्यावर थांबत नाही.

एक विनंती. 'आजोबांना नमस्कार कर, गाणं म्हणून दाखव' अशी परीक्षा घेऊ नका. रंकाळ्यावर फिरायला जाता तेव्हा तिथूनच फोन लावा, पाणी दाखवा, कणीसवाला दाखवा, आणि 'हे काय गं?' विचारून गप्प बसा. तिचं उत्तर यायला वेळ लागतो. थोडा तिचा, थोडा नेटवर्कचा.

प्रश्न : मोबाईलमुळं चौदा वर्षांच्या पोराचं डोकं बिघडलंय. फोडूनच टाकू का? (एक वडील, मंगळवार पेठ)

फोडू नका, हप्ते तुम्हालाच भरायचेत. ऑक्सफर्डचे संशोधक एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी 2019 साली साडेतीन लाखांवर किशोरवयीनांची माहिती तपासली. मुलांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकांपैकी तंत्रज्ञानाच्या वापराशी जुळणारा वाटा निघाला फार तर 0.4 टक्के, म्हणजे अगदीच थोडा. हे न पटणारे नामवंत अभ्यासकही आहेत आणि तो वाद अजून मिटलेला नाही. शिवाय सरासरीत तुमचं पोरगं दिसत नाही. म्हणून तास मोजण्याआधी बघा : झोप पुरी होते का? फुटबॉलला जायचा तो अजून जातो का? पेठेतली दोस्तमंडळी हाक मारायला येतात का? तिन्ही ठीक असेल तर फार काळजी नको. झोप मोडत असेल तर रात्री फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. तुमचाही.

प्रश्न : मोबाईलनं चष्मा लागतो का?

जवळचं सतत बघणं आणि उन्हात कमी खेळणं, दोन्हींचा लांबची नजर कमी होण्याशी संबंध आढळलाय. रोज बाहेर खेळू द्या.

प्रश्न : मी चौथीत आहे. पप्पा जेवताना मोबाईल बघतात. मी काही सांगितलं की नुसतं 'हं' म्हणतात. मी काय करू?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. बोस्टनमध्ये जेनी राडेस्की नावाच्या डॉक्टरबाई आणि त्यांचे सहकारी हॉटेलांत बसून मुलांबरोबर जेवायला आलेल्या 55 मोठ्या माणसांकडं बघत होते. त्यातल्या 40 जणांनी जेवताना मोबाईल काढला. म्हणजे तुझे पप्पा एकटे नाहीत, आणि ते वाईटही नाहीत. आज जेवताना त्यांना हे मोठ्यानं वाचून दाखव. मध्येच थांब. ते 'हं' म्हणाले तर पुन्हा पहिल्यापासून वाच.