हजारो फोटो नीट लावून ठेवायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? चेहरे सगळ्यात चांगले कोण ओळखतं?

डिजिकॅम घ्या. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. पण चेहरे हल्ली बहुतेक सगळेच बरे ओळखतात. ओळखल्यावर नाव कुठे लिहून ठेवतात, ते आधी बघा.

घरातले जुने अल्बम मी स्कॅन करत होतो तेव्हा आजी शेजारी खुर्ची टाकून बसायची. "ही मिरजेची माई. हा तिच्या दिराचा, पुढे रेल्वेत लागला." मावशीच्या लग्नातल्या एका फोटोत मांडवाच्या खांबाला टेकून एक बाई उभी आहे, पदराने चेहरा अर्धा झाकलेला. आजीने तिला हातातल्या पाटल्यांवरून ओळखलं. हे कुठलं सॉफ्टवेअर करणार?

माझ्या आतेभावाने तेच फोटो पैसे भरून एका ऑनलाइन सेवेत चढवले आणि नावं तिथेच भरली. मला म्हणाला, "तू बस फाइली कुरवाळत." पुढे त्या सेवेने दर वाढवले, तेव्हा त्याने सगळं उतरवून घेतलं. फोटो आले, नावं आली नाहीत. आजी तोवर गेली होती. माझ्याकडे प्रत्येक नाव शाबूत होतं, कारण डिजिकॅमच्या सेटिंगमध्ये, मेटाडेटाच्या (फोटोसोबत साठवलेल्या माहितीच्या) पानावर, टॅग आणि चेहऱ्यांची नावं फाइलमध्येच लिहायची टिक मी केलेली होती. अशी माहिती लिहायची ठरलेली पद्धत म्हणजे एक्सएमपी, तिच्यात देवनागरी अक्षरंही नीट राहतात.

सॉफ्टवेअर बंद पडतात. पिकासा लोकांचं इतकं लाडकं, तेही गूगलने २०१६ मध्ये बंद केलं. लाइटरूम क्लासिक उत्तम आहे, पण तुम्ही केलेलं काम ते आपल्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे स्वतःच्या वेगळ्या नोंदवहीत ठेवतं; एक्सएमपीत आपोआप लिहायचा पर्याय मुळात बंद असतो, तो चालू करावा लागतो. म्हणून कुठलंही घेण्याआधी चार फोटोंना नावं द्या, पेनड्राइव्हवर घ्या आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर वेगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडा. नावं दिसली नाहीत तर ते घेऊ नका.

स्कॅन केलेल्या फोटोंची तारीखही हाताने बदला, नाहीतर १९७४ चं लग्न स्कॅन केलेल्या वर्षात जाऊन बसतं. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंच्या नावातली तारीख फोटो काढल्याची नसते, तीही तपासा.

हो, डिजिकॅम पहिल्यांदा चेहरे शोधताना जुन्या लॅपटॉपला फार वेळ लावतं. कॅमेऱ्याच्या रॉ (प्रक्रिया न केलेल्या मूळ) फाइलींसाठी माहिती शेजारच्या .एक्सएमपी फाइलमध्ये ठेवा आणि दोन्ही एकत्रच हलवा. सुरुवात करण्याआधी सगळ्याची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर काढा. फोटो फक्त फोनमध्येच असतील तर गूगल फोटोज पुरे, तेवढ्यासाठी हा खटाटोप नको.

आतेभाऊ माझी प्रत घेऊन गेला आणि पुन्हा एका नव्या सेवेत चढवून मोकळा झाला. म्हणतो, तिथलं सर्च चांगलं आहे. असेल. पण त्या सर्चमध्ये मिरजेची माई सापडते ती आजीने सांगितलं आणि मी फाइलमध्ये लिहिलं म्हणून, हे त्याने एकदा तरी कबूल करावं.