मुदत ठेव मोडून घरात रेल्वे?

प्रश्न: घरातली दहा बाय बाराची जादा खोली मॉडेल रेल्वेसाठी घ्यायची आहे. मधोमध चार बाय आठ फुटांचं टेबल आणि त्यावर एचओ स्केलचा (खऱ्या रेल्वेच्या सुमारे सत्त्याऐंशीव्या भागाएवढा) लेआउट, म्हणजे रूळ, स्टेशनं, डोंगर यांची मांडणी, सगळं एकदम बांधून घेणार आहे. सध्या फक्त एक स्टार्टर सेट आहे. बोनस पुरत नाही, म्हणून अडीनडीसाठी ठेवलेली मुदत ठेव मोडू का? पाचेक वर्षांत घर बदलेल असं वाटतं. शिवाय पाहुणे आले की ही खोली लागते, असं पत्नीचं म्हणणं आहे.

उत्तर: ठेव मोडू नका. लेआउट मात्र जरूर करा, फक्त तो खोलीच्या मधून भिंतीकडे सरकवा. बराचसा खर्च तिथेच आटोक्यात येईल.

तुमचं टेबल ३२ चौरस फुटांचं. मधोमध ठेवलं तर दोन बाजूंना तीन-तीन आणि दोन बाजूंना दोन-दोन फूट वाट उरते. म्हणजे ३२ फुटांच्या रेल्वेसाठी १२० फुटांची खोली गेली. त्या जागेचं भाडं आपण स्वतःला देत नाही, म्हणून हिशेबात दिसत नाही. भिंतीला टेकवावं, तर पलीकडची कड चार फुटांवर जाते आणि हात अडीच फुटांपुढे धड पोचत नाही. रुळावरून उतरलेला डबा उचलायला टेबलावर चढणार का?

त्याऐवजी लगतच्या दोन भिंतींना दीड फूट रुंदीची फळी लावा. क्षेत्रफळ जवळपास ३१ चौरस फूट भरतं आणि पाहुण्यांची गादी घालायला जागा राहते. पत्नीचा मुद्दा अगदी रास्त आहे.

याची किंमत एकच: गाडी गोल फिरणार नाही, या स्टेशनातून त्या स्टेशनात जाईल. एचओमध्ये १८ इंच त्रिज्येच्या वळणालासुद्धा सव्वातीन फुटांच्या आसपास रुंदी लागते, ती दीड फुटाच्या फळीवर मिळायची नाही. गोल फेरी हवीच असेल तर एन स्केल बघा, ते एचओच्या साधारण निम्म्या आकाराचं असतं. ११ इंच त्रिज्येचं वळण सव्वादोन फुटांच्या फळीवर बसतं. पण हा निर्णय आजच घ्या. एचओच्या दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर, एनचं नऊ. पुढे मन बदललं तर इंजिनापासून रुळापर्यंत सगळं नव्याने घ्यावं लागेल.

आता घर बदलण्याचं. लेआउट विकायला काढला की इंजिनं आणि डबे जातात, मूळ खोकी जपली असतील तर बऱ्या भावाने. लाकूड, प्लास्टरचे डोंगर, चिकटवलेली खडी यांचं मोल शून्य. म्हणून सलग बांधकाम नको. चार-चार फुटांचे तुकडे करा, नट-बोल्टने जोडा, तुकड्यांच्या जोडापाशी तारांना प्लग द्या. पाच वर्षांनी टेम्पोत चढेल तेवढंच तुमचं. एकदम बांधून घेण्याला माझा विरोध याचसाठी आहे. पहिला तुकडा चालवून बघितल्याशिवाय आपल्याला शंटिंग (डबे जोडणं-सोडणं) आवडतं की डोंगर-बोगदे, हे कळत नाही.

बजेट मांडताना रुळांची लांबी मोजत बसू नका, सांधे मोजा. गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा प्रत्येक सांधा साध्या रुळापेक्षा बराच महाग, शिवाय त्याची मोटर आणि वायरिंग वेगळं. नकाशात बारा सांधे असतील तर सहावर आणा. डिजिटल कंट्रोल, म्हणजे प्रत्येक इंजिन वेगळं चालवण्याची सोय, हवं असेल तर दर इंजिनाला डिकोडर (आदेश ओळखणारी छोटी चकती) लागतो, तोही धरा. एक इंजिन असताना साधा कंट्रोलर पुरे.

या बोनसचे तीन भाग करा. एकात फळ्या, पहिला तुकडा आणि त्याचे रूळ. दुसरा पुढच्या वर्षीच्या तुकड्यासाठी बाजूला ठेवा. तिसरा त्याच मुदत ठेवीच्या शेजारी जाऊ द्या. घर बदलताना तो लागेलच.

आणि लाकूड आणण्याआधी जमिनीवर चिकटपट्टीने फळीची कड आखा, आठवडाभर तशीच राहू द्या. दार पूर्ण उघडतं का, खिडकीचं ऊन रुळांवर किती वेळ येतं, कपाटाचा खण निघतो का, हे बघा. नकाशा त्यानंतर पक्का करा.