पहिली धार टाकून देऊ नका

प्रश्न: पाच आठवड्यांपूर्वी एकदा कंडोमशिवाय संबंध आला. त्रास काहीच नाही. लघवीचं कल्चर केलं, ते नॉर्मल आलं. लॅबवाला आता साडेतीन हजारांचं 'एसटीडी पॅकेज' सांगतोय. करावं का? पुण्यात कुणाला न कळता टेस्ट कुठे होते?

उत्तर: पॅकेजचं नंतर बघू, आधी ते कल्चर. या एका कागदावर लोक निर्धास्त होतात आणि माझं डोकं फिरतं ते तिथेच. साधं युरीन कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू प्लेटवर वाढवून बघणं, असतं ई-कोलायसारख्या जंतूंसाठी. त्या प्लेटवर संबंधातून पसरणाऱ्या गोनोरियाचा (परम्याचा) जंतू उगवत नाही. त्याला लागतं चॉकलेट अगार नावाचं खाद्य (चॉकलेटचा संबंध फक्त रंगापुरता, तापवलेल्या रक्ताने तो रंग येतो) आणि जास्तीचा कार्बन डायऑक्साइड. नमुना फ्रिजमध्ये ठेवला तर हा जंतू तिथेच मान टाकतो. संबंधातून पसरणारा दुसरा जंतू क्लॅमिडिया, तो तर जिवंत पेशीच्या आतच वाढतो, तो कुठल्याच प्लेटवर यायचा नाही. म्हणजे 'नो ग्रोथ' हा रिपोर्ट खरा आहे, फक्त तुमच्या प्रश्नाचं ते उत्तर नाही.

नमुनाही उलटाच गेला असणार. काउंटरवर सगळ्यांना एकच वाक्य ऐकवतात: "सकाळची लघवी, पहिली धार सोडून मधली द्या." कल्चरसाठी ते बरोबर आहे. पण गोनोरिया आणि क्लॅमिडिया मूत्रनलिकेच्या अस्तरात बसलेले असतात, आणि त्या पेशी धुऊन बाहेर येतात त्या पहिल्याच धारेत. नेमकी तीच तुम्ही कमोडमध्ये सोडलीत.

यासाठी लागते ती पीसीआर, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणारी टेस्ट. रिपोर्टवर कधी 'नॅट' असंही लिहितात. किमान एक तास, जमलं तर दोन तास लघवी करू नका. आधी धुऊ-पुसू नका. अगदी सुरुवातीची 20 ते 30 मिली डबीत घ्या.  तिथे थांबा, उरलेली बाहेर. डबी काठोकाठ भरून देणारे खूप असतात. त्यात नमुना पातळ होतो आणि असलेला जंतूही हुकू शकतो. सकाळचीच हवी असंही काही नाही. संबंधानंतर दोन आठवडे उलटले की ही टेस्ट भरवशाची, म्हणजे तुम्ही आजच करू शकता. तोंडाने किंवा गुदमार्गे संबंध आला असेल तर घशाचा, गुदाचा स्वॅब वेगळा द्यावा लागतो. घशातला जंतू लघवीत कसा सापडणार? बाईसाठी लघवीपेक्षा योनीचा स्वॅब चांगला, तो तिचा तिला घेता येतो.

आता पॅकेज. त्यात हर्पिसचं आयजीएम (रक्तातली एक प्रकारची अँटीबॉडी) किंवा क्लॅमिडियाची रक्तातली अँटीबॉडी असेल तर ते पैसे पाण्यात. हे आयजीएम हर्पिस नसतानाही पॉझिटिव्ह येतं आणि असताना चुकतं. रक्तातून क्लॅमिडियाचा आत्ताचा संसर्ग ठरवता येत नाही. पुरुषाच्या एचपीव्हीसाठी (चामखिळींचा विषाणू) रक्ताची टेस्टच नाही, कुणी विकली तरी.

घ्यायचं ते असं: एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी आणि सी. एचआयव्हीसाठी लॅबमधली चौथ्या पिढीची टेस्ट (पी24 हा विषाणूचा अंशही शोधणारी) 45 दिवसांनी केली तर निगेटिव्ह पक्कं समजायचं. बोटातून थेंब घेऊन होणारी रॅपिड असेल तर 90 दिवस. सिफिलिसही तीन महिन्यांनी पुन्हा बघायचा, कारण पहिली जखम दिसायलाच 9 ते 90 दिवस कितीही लागू शकतात.

व्हीडीआरएल ही सिफिलिसची रक्ताची टेस्ट 'रिअॅक्टिव्ह 1:2' (दुसरा आकडा मोठा तितक्या अँटीबॉडी जास्त) आली की घरात रडारड सुरू होते. ही टेस्ट जंतूला शोधत नाही, कार्डिओलिपिन नावाच्या स्निग्ध पदार्थाविरुद्धच्या अँटीबॉडी शोधते. मलेरिया, कुष्ठरोग, ल्युपस, गर्भारपण, यांतही ती उगाच पॉझिटिव्ह येते, बहुतेकदा 1:8 च्या खालीच. म्हणून सोबत सिफिलिसच्याच जंतूविरुद्धच्या अँटीबॉडी शोधणारी टीपीएचए करायचीच. ती निगेटिव्ह असेल तर बहुधा खोटा गजर. पण टीपीएचए एकदा पॉझिटिव्ह झाली की उपचारानंतरही सहसा आयुष्यभर तशीच राहते, त्यामुळे गुण आला का ते व्हीडीआरएलच्या आकड्यावरून बघतात. 1:32 वरून 1:8 म्हणजे चौपट उतार, औषध लागू पडलं. 1:16 वरून 1:8 ला कुणी 'सुधारणा' म्हणालं तर ऐकू नका. एका पायरीचा (दुप्पट-निम्मा) फरक टेस्टमध्येच असतो.

आणि मेडिकलवाल्याकडून अॅझिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक घेऊन मग टेस्टला येऊ नका. रोग अर्धा दबतो आणि रिपोर्टही गोंधळात पडतो.

पुण्यात ससूनमध्ये त्वचा-गुप्तरोग ओपीडी आहे आणि आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रही. एचआयव्हीची टेस्ट आयसीटीसीत मोफत, आधी आणि नंतर समुपदेशन. आधी फोनवर बोलायचं असेल तर 1097 ही एचआयव्हीची सरकारी हेल्पलाइन, पैसे लागत नाहीत. 2017 चा एचआयव्ही कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. संमतीशिवाय टेस्ट नाही आणि रिपोर्ट तुमच्या परवानगीशिवाय सहसा घरच्यांना किंवा कंपनीला नाही. सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये (गुप्तरोगांचा दवाखाना) लक्षणांवरून औषधांचं रंगीत किट मिळतं (मूत्रमार्गातल्या स्रावासाठी करडं), पण तुम्हाला लक्षणंच नाहीत, त्यामुळे नुसतं किट मागून भागणार नाही. पीसीआर बहुधा खासगी लॅबमध्येच करावी लागेल.

हे सगळं त्रास नसलेल्यासाठी. पू येत असेल, जखम असेल, वृषण दुखत असेल तर लॅब नाही, आजच डॉक्टर. आणि हे वाचणाऱ्या कुणाच्या संबंधाला 72 तास झाले नसतील तर तुम्ही टेस्टच्या नादी लागू नका, थेट सरकारी रुग्णालयात जाऊन पीईपी, म्हणजे एचआयव्हीचा संसर्ग टाळणाऱ्या गोळ्या मागा. गोळ्या 28 दिवस घ्याव्या लागतात आणि जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं.

काउंटरवर फॉर्म भरताना 'पहिली धार, पीसीआरसाठी' असं स्वतःच्या हाताने लिहा. नाहीतर तुमची डबी पुन्हा कल्चरच्या ट्रेमध्ये जाईल.