रोजच्या घरातलं सुख, आणि रविवारी वाई-मेणवली-धोम

तुम्ही विचारलंय की दिवसभर राबून घरी आलं की सगळं तेच तेच वाटतं, तर घरात रोज बरं वाटावं म्हणून बाकीचे लोक काय करतात. आणि पुण्याहून एखाद्या रविवारी वयस्कर आईवडील आणि लहान मूल घेऊन, कुणाचीही दमछाक न होता कुठे जाऊन येता येईल. माझ्यापुरती या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांना लागूनच आहेत, म्हणून एकत्र लिहिते.

घराचं आधी. मला वाटतं, तेच तेच वाटण्याचं कारण कामं तीच असतात हे नाही. आपण ती अर्धवट लक्ष देऊन, एकट्याने आणि उरकायची म्हणून करतो, हे आहे. ऑफिसातलं काम कधी संपलं असं वाटतच नाही, उद्या त्याचंच पुढचं पान. घरात मात्र काही कामं अशी आहेत की ती सुरुवातीपासून शेवटापर्यंत आपल्याच हातून होतात, डोळ्यांना दिसतात, त्यांचा वास घरभर पसरतो आणि शेवटी ती ताटात येतात. आठवड्यातून असं एक तरी काम सगळ्यांनी मिळून निवांत करायचं, एवढाच माझा नेम आहे. आमच्याकडे ते काम म्हणजे शनिवारचं तूप.

आठवडाभर दुधावरची साय एका डब्यात साठवते. शुक्रवारी रात्री ती बाहेर काढायची, थोडी कोमट झाली की चमचाभर विरजण लावायचं आणि झाकून ठेवायची. सकाळी घुसळायला घ्यायची. सासूबाई अजूनही रवीच वापरतात. मिक्सरमध्ये पटकन होतं हे त्यांनाही माहीत आहे, पण लेकीला रवीची दोरी ओढायची असते, म्हणून रवी. लोणी यायची वेळ झाली की थंडगार पाणी घालायचं. उन्हाळ्यात तर बर्फाचे दोन खडे टाकायचे, नाहीतर लोणी गोळा व्हायचं नाव घेत नाही. मग ते लोणी दोन-तीन पाण्यांनी धुवायचं, पाणी नितळ दिसेपर्यंत. खाली राहिलेल्या ताकाची दुपारी कढी होते.

खरी मजा कढवताना. जाड बुडाच्या पातेल्यात, बारीक आचेवर. आधी पांढरा फेस येतो, मग चटचट आवाज सुरू होतो. तो आवाज लोण्यात उरलेल्या पाण्याचा. पाणी उडून जात असतं तोवर तो चालू राहतो. हळूहळू फेस विरतो, तळाशी कण तांबूस व्हायला लागतात आणि आवाज मंदावतो. आमच्याकडे त्या वेळी कुणीही पातेल्यात डोकावत नाही, सगळे ऐकतात. सासूबाई ओट्याला टेकून उभ्या असतात आणि नेमक्या क्षणी म्हणतात, "आवाज बसला बघ, बंद कर गॅस." त्यानंतर अर्धा मिनिट जरी आच राहिली तरी तूप करपट लागतं. वरून विड्याचं अर्धं पान टाकायचं. ते कुरकुरीत होतं आणि त्यावर लेकीचा हक्क असतो. तूप गाळल्यावर तळाशी जी बेरी राहते, तिच्यात साखर घालून ती चौघांत वाटली जाते. गाळलेलं तूप हलवायचं नाही, फ्रिजमध्ये ठेवायची घाई करायची नाही. ओट्यावर आपापलं निवू दिलं की छान रवाळ होतं.

या सगळ्याला दोन-अडीच तास जातात आणि हाती येतं वाटीभर तूप. पैशांचा हिशोब केला तर विकतचं परवडेल. पण त्या सकाळी घरात कुणीही फोन घेऊन बसलेलं नसतं. सासूबाईंना जे येतं ते आम्हाला येत नाही, त्यामुळे त्या सकाळी घरातल्या सगळ्यात महत्त्वाच्या माणूस त्या असतात. तुमच्या आईवडिलांनाही असं काहीतरी येत असेलच. तुमच्याकडे तूप नसेल, सांडगे असतील, लिंबाचं लोणचं असेल, वडिलांना सुतारकाम येत असेल. ते शोधा, आणि त्यांना "आई, तुम्ही बसा, मी करते" असं म्हणू नका.

बाकीची सुखं लहान आहेत. गॅलरीतल्या कुंडीत गवती चहा लावलाय. सकाळच्या चहात त्याची दोन पाती आणि आल्याचा तुकडा. मटकी भिजवून फडक्यात बांधली की तिसऱ्या दिवशी मोड बघायला लेक आपणहून उठते. रात्रीचं जेवण सगळे एकत्र, टीव्ही बंद करून. हे कुणीही करू शकतं, त्यावर जास्त लिहीत नाही.

आता रविवार. शनिवारी तूप झालं की संध्याकाळी दशम्या करते. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवायची, चमचाभर तूप घालायचं. या पोळ्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. सोबत लसणाची कोरडी चटणी, दाण्याची चटणी आणि काकड्या. हा डबा बांधून आम्ही जातो ते वाई, मेणवली आणि धोम. तुमच्यासारख्या घरासाठी याच्याइतकं सोयीचं ठिकाण मला पुण्याच्या आसपास दुसरं माहीत नाही. तिन्ही गावं कृष्णेच्या काठी एका ओळीत आहेत. मेणवली वाईपासून तीनेक किलोमीटर, धोम त्याच्या पुढे आणखी पाच-सहा. म्हणजे एकदा वाईला पोचलात की दिवसभर गाडीत बसणं जवळपास नाहीच. लोक एका दिवसात महाबळेश्वर, पाचगणी आणि प्रतापगड करायला निघतात. आईवडिलांचे गुडघे आणि मुलाचं पोट दोन्ही त्या घाटांत हैराण होतात, आणि संध्याकाळी आठवत काहीच नाही.

पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याने खंबाटकी घाट ओलांडायचा, सुरूर फाट्याला उजवीकडे वळायचं. अंतर नव्वदच्या आत-बाहेर. सकाळी सहाला निघालात तर साडेआठच्या सुमारास वाईत पोचता. गाडी नसेल तर स्वारगेटहून महाबळेश्वरला जाणाऱ्या एसटी वाईवरूनच जातात, आणि वाईतून पुढे रिक्षा मिळते.

वाईत पहिल्यांदा गणपती आळीचा नदीघाट. ढोल्या गणपतीचं देऊळ 1762 साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलं. रास्ते म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई यांचं माहेर. मूर्ती एका दगडातली, भव्य, नावाला साजेशी. पण दर्शन झाल्यावर देवळाच्या मागे नक्की जा, बरेच जण जात नाहीत. देऊळ नदीच्या अगदी पात्राशी आहे, त्यामुळे मागची भिंत सरळ न बांधता माशासारखी निमुळती केली आहे. पूर आला की पाण्याचा लोंढा त्या टोकावर फुटतो आणि दोन्ही बाजूंनी वाहून जातो. मुलाला तिथे उभं करा आणि विचारा, ही भिंत अशी का असेल? आमच्या लेकीने बराच वेळ विचार करून उत्तर काढलं होतं, आणि घरी आल्यावर बादलीत साबणाच्या वड्या उभ्या-आडव्या धरून ते तपासूनही पाहिलं. शेजारीच काशीविश्वेश्वराचं देऊळ आहे, तिथला नंदी इतका गुळगुळीत घडवलाय की आजोबांना हात फिरवल्याशिवाय राहवत नाही.

वाईला असे सात घाट आहेत, प्रत्येक आळीचा आपला. माघ-फाल्गुनाच्या सुमारास त्या त्या घाटावर आळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव होतो. नदीला देवी मानून तिची मूर्ती घाटावर बसवतात, जेवणावळी होतात. त्या दिवसांत गेलात तर गर्दी असेल, पण गाव वेगळंच दिसतं.

वाईबद्दल आणखी एक गोष्ट आईवडिलांना जरूर सांगा, त्यांना आवडेल. मराठी विश्वकोशाचं काम याच गावातून चालत आलं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक, आणि ते शिकले इथल्याच प्राज्ञपाठशाळेत. पहिला खंड 1976 साली आला, पुढे एकूण 20 खंड झाले, आणि आता ते घरबसल्या इंटरनेटवर फुकट वाचता येतात. मुंबई-पुण्याऐवजी एवढ्या लहान गावात बसून माणसांनी जगभराचं ज्ञान मराठीत आणलं, याचा मला फार अभिमान वाटतो. ज्या घरात शाळकरी मूल आहे, त्या घरात हे माहीत असायलाच हवं.

वाईत मिसळ किंवा पोहे खाऊन मेणवलीला निघा. उन्हं चढायच्या आत पोचणं बरं, कारण घाटाचा दगड दुपारी चांगलाच तापतो. हे गाव नाना फडणवीसांना 1768 साली इनाम मिळालं. नाना म्हणजे बाळाजी जनार्दन भानू, जन्म साताऱ्याचा, 1742 चा. पुण्यात तुम्ही बुधवार पेठेतला नाना वाडा किंवा बेलबाग पाहिली असेल, त्यांचंच हे नदीकाठचं घर. वाडा सहा चौकांचा आहे, भक्कम लाकडी खांब, भिंतींवर जुनी चित्रं. फडणवीसांच्या वंशजांनी तो सांभाळलाय. पेशवाईचे हजारो कागद या वाड्यात होते. इतिहासाच्या अभ्यासकांत ते मेणवली दफ्तर म्हणून ओळखले जातात. वाडा बघायला थोडे पैसे पडतात, ते आनंदाने द्या. एवढी जुनी वास्तू उभी ठेवणं हे पदरमोडीचं काम आहे.

वाड्याच्या मागून पायऱ्या उतरल्या की चंद्रकोरीसारखा घाट. हिंदी चित्रपटांतून तो इतक्यांदा दिसलाय की पहिल्यांदा येणाऱ्यालाही ओळखीचा वाटतो. काठावर मेणेश्वराचं, म्हणजे शंकराचं, आणि विष्णूचं देऊळ आहे, आणि त्यांच्यालगतच्या छोट्या बांधणीत एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. ती मूळची पोर्तुगीजांच्या चर्चची. 1739 साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, त्या विजयानंतर ज्या घंटा मराठी मुलखात आल्या त्यांतली ही एक. जवळ जाऊन बघा: तिच्यावर 1707 हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. नाशिकला नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरलाही अशाच घंटा आहेत, पुढेमागे तिथे गेलात तर मुलाला ही आठवण करून द्या. चर्चमधली घंटा शंकराच्या देवळाशेजारी आली, आणि तिच्यावरची मेरी कुणी घासून काढली नाही. तीनशे वर्षांपूर्वीचे आकडे बोटाने चाचपताना लेक जेवढी गप्प झाली, तेवढी ती इतिहासाच्या पुस्तकासमोर कधी झालेली मी पाहिली नाही.

डबा इथेच उघडायचा. वडाच्या सावलीत, पाय पाण्यापासून जरा दूर ठेवून. कागद आणि पिशव्या परत आपल्या पिशवीत, हे सांगायला नको, पण घाटावरचा कचरा बघून सांगावंसं वाटतं. जेवल्यावर म्हाताऱ्यांना तासभर पडू द्या, कुठेही पळायचं नाही. नवऱ्याने लेकीला इथेच नकाशा काढून दाखवला होता: ही नदी महाबळेश्वरला उगम पावते, तिथून अरबी समुद्र जेमतेम 60-65 किलोमीटर, पण ती तिकडे पाठ फिरवते आणि कर्नाटक, तेलंगण, आंध्र ओलांडून सुमारे 1400 किलोमीटरवर बंगालच्या उपसागराला मिळते. तेव्हापासून लेक घाटावरून कागदाची होडी सोडायचा हट्ट धरते. आम्ही तिला वाळलेलं पान सोडायला देतो.

उन्हं कलली की धोम. नरसिंहाचं देऊळ उंच जोत्यावर आहे, पायऱ्या आहेत, तेव्हा गुडघेदुखी असेल तर खालूनच नमस्कार करायला हरकत नाही. शेजारी महादेवाच्या देवळासमोर कमळाच्या आकाराचं दगडी कुंड आहे, त्यात दगडाचं कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदी. कुंडात पाणी असलं की कासव पोहतंय असा भास होतो. कोरीवकाम फार देखणं आहे आणि ते सगळं जमिनीलगत असल्याने आईवडिलांना चढाउतार न करता बघता येतं. कृष्णेवरच्या धोम धरणाची भिंतही इथून दिसते.

जाण्याचे दिवस: दसऱ्यापासून फेब्रुवारीपर्यंत उत्तम. भर पावसात डोंगर हिरवेगार दिसतात, पण घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि नदीला कधीही पाणी चढतं, म्हणून लहान मूल आणि वयस्कर माणसं असताना नको. एप्रिल-मेमध्ये गेलात तर बाराच्या आत घाट सोडा. टोपी, पाण्याच्या बाटल्या, बसायला सतरंजी आणि आईवडिलांच्या गोळ्या एवढं सोबत असलं की झालं.

परतताना चारच्या सुमारास धोम सोडलंत तर पुण्यात शिरताना रविवारची गर्दी थोडी तरी टळते. आणि निघायलाच उशीर झाला किंवा कुणी दमलं, तर धोम सरळ गाळा. मेणवलीतला वेळ मात्र कमी करू नका.