जुन्या रॉक अल्बमच्या पन्नाशीनिमित्तचा रेडिओ माहितीपट ऐकण्यासारखा असतो का?

हो, मूळ टेप उघडून दाखवत असतील तर नक्की ऐका. २०१७ मध्ये पन्नाशी गाठलेला बीटल्सचा 'सार्जंट पेपर' घ्या. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत तो चार ट्रॅकच्या, म्हणजे चार सुटे ध्वनिपट्टे असलेल्या टेपवर झाला. त्यातल्या 'अ डे इन द लाइफ' या गाण्यात मधे २४ बारची (तालाच्या मापांची) जागा मोकळी ठेवली होती. तिथे बीटल्सचा सहायक मॅल इव्हान्स मोठ्याने आकडे मोजतो आणि शेवटी गजर वाजतो. नंतर त्याच जागी ४० वादकांचा वाद्यवृंद भरला. शेवटचा पियानोचा नाद विरताना आवाजाची पातळी इतकी वर नेलीय की खुर्चीची करकरही ऐकू येते! हे सगळं सुटं करून ऐकताना अंगावर काटा येतो. 'विदिन यू विदाउट यू'मधला दिलरुबा (गजाने वाजवायचं तंतुवाद्य) हेडफोन लावूनच ऐका, तो लंडनमधल्या भारतीय कलाकारांनी वाजवलाय. नुसत्या मान्यवरांच्या स्तुतीचा कार्यक्रम असेल, तर त्यापेक्षा अल्बमच पुन्हा लावा.