मधोमध पांढरी रेघ आली म्हणजे ट्यूब गेली असं नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सदाशिव पेठेतल्या वाड्यात आजोबांचा २१ इंची ट्यूबचा रंगीत टीव्ही. उजव्या कोपऱ्यात बरेच दिवस हिरवट-जांभळा डाग, पावसाळा लागल्यापासून सकाळी पहिली दहा मिनिटं चित्र धूसर, आणि परवापासून चित्रच नाही, फक्त मधोमध एक आडवी पांढरी रेघ. आवाज ठणठणीत. दुकानदार म्हणाला ट्यूब गेली, भंगारात द्या. तुम्ही विचारताय, मागचं झाकण उघडून बघू का?

उघडू नका. या आकाराच्या ट्यूबला सुमारे २५,००० व्होल्ट लागतात. ट्यूबच्या काचेला आतून आणि बाहेरून वाहक लेप असतो, त्यामुळे ती स्वतःच एक मोठा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, होते आणि प्लग काढल्यावरही कित्येक तास चार्ज धरून ठेवते. पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो तो वेगळाच. नुसत्या झटक्याने हात मागे गेला आणि ट्यूबच्या मानेवर आपटला तरी मान तुटते, मग खरंच सगळं संपतं. पंचवीस वर्षं घरोघरी जाऊन टीव्ही दुरुस्त केले, तरी एक हात मागे ठेवून काम करायची सवय मी कधी सोडली नाही.

आता ती रेघ. रेघ दिसतेय म्हणजे ट्यूबचा फिलामेंट पेटतोय, हाय व्होल्टेज तयार होतंय आणि चित्र रेखाटणारा इलेक्ट्रॉनचा किरण डावीकडून उजवीकडे फिरतोय. हाय व्होल्टेज एलओटीत, म्हणजे लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये, तयार होतं, आणि एलओटीला चालवणारा भागही तोच, जो किरणाला आडवा फिरवतो. म्हणजे सेटमधल्या दोन सगळ्यात महाग वस्तू, ट्यूब आणि एलओटी, दोन्ही जिवंत आहेत. बंद पडलंय ते एवढंच, की किरणाला सेकंदाला ५० वेळा वरून खाली नेणारा भाग काम करत नाहीये. त्यामुळे सगळ्या ओळी एकाच ओळीवर गोळा होतात. म्हणूनच ती रेघ इतकी प्रखर दिसते. तसाच चालू ठेवलात तर पडद्याचा फॉस्फर, म्हणजे काचेवरचा चमकणारा लेप, तेवढ्या पट्ट्यात जळतो आणि दुरुस्तीनंतरही तिथे काळपट डाग राहतो. तेव्हा आजोबांना आवाज ऐकायचा असला तरी सध्या टीव्ही लावू नका.

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटलं: ‘महिनाभर आधीपासून वरच्या बाजूला चित्र दुमडल्यासारखं दिसायचं, माणसांची डोकी दबलेली.’ हे मेकॅनिकला आवर्जून सांगा. व्हर्टिकल आयसी, म्हणजे किरणाला वरखाली फिरवणारी चिप, गरम हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीवर) बसवलेला असतो आणि त्याच्याजवळच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आतलं द्रव त्या उष्णतेने वर्षानुवर्षं सुकत जातं. आधी वरचा भाग दुमडतो, आणि ताण सहन करत करत शेवटी आयसी उडतो. एका घरी मी फक्त आयसी बदलून आलो होतो, आठ दिवसांत तो परत गेला. कपॅसिटर तपासायला हवे होते. त्या घरच्या आजींना दुसऱ्यांदा पैसे द्यावे लागू नयेत म्हणून मी मजुरी घेतली नाही, आणि तेव्हापासून आयसीबरोबर आजूबाजूचे सगळे छोटे इलेक्ट्रोलिटिक बदलल्याशिवाय उठलो नाही. किंमत म्हणाल तर एक कपॅसिटर चहापेक्षा महाग नसतो.

रेघ अचानक आली असती आणि कॅबिनेटवर थाप मारल्यावर चित्र येत-जात असतं, तर मी ड्राय सोल्डर, म्हणजे सुटत आलेला डाग-जोड, म्हटलं असतं. तरीही आयसीचे पाय आणि योकचा (ट्यूबच्या मानेभोवतीच्या, किरण वळवणाऱ्या कॉईलचा) प्लग पुन्हा सोल्डर करून घ्यायला सांगाच.

सकाळच्या धूसरपणाचं कारण ओल आहे. ट्यूबच्या मानेवर जो बेस बसतो, त्यात फोकसच्या पिनेजवळ दमट हवेचा थर बसतो आणि फोकसचं व्होल्टेज थोडं थोडं गळतं. सेट तापला की ओल उडते, चित्र स्वच्छ होतं. वाड्यातल्या तळमजल्यावरच्या भिंती ओल धरतात, तिथे हे हमखास बघितलंय. बेस बदलला की काम होतं. फक्त फोकसचा स्क्रू फिरवून कोणी वेळ मारून नेत असेल तर नेऊ देऊ नका, तापल्यावर चित्र उलट बिघडेल.

(चित्र आलं की एक खूण लक्षात ठेवा. रिमोटवर व्हॉल्यूमचं बटण दाबा. टीव्हीच्या स्वतःच्या पट्टीची अक्षरंही धूसर असतील तर दोष टीव्हीत. ती स्वच्छ आणि मागचं चित्र खराब, तर सेटटॉप बॉक्स किंवा वायर बघा. पूर्वी अँटेना सिंहगडाच्या टॉवरकडे वळवून निम्म्या तक्रारी सुटत, आता त्या जागी ही लाल-पांढरी-पिवळी पिन आली.)

उरला कोपऱ्यातला डाग. तुम्ही लिहिलंय की टीव्हीच्या उजवीकडे चिकटून मोठा स्पीकर आहे. त्यातलं चुंबक किरणाला ढकलतं आणि तो चुकीच्या रंगाच्या ठिपक्यावर पडतो. स्पीकर तीन-चार फूट लांब ठेवा. ट्यूबभोवती डाग पुसणारी डिगॉसिंग कॉईल असते, पण बऱ्याच जुन्या सेटमध्ये ती मेन स्विच दाबल्यावरच, तीही सेट थंड असताना, काम करते. तुमच्याकडे वर्षभर रिमोटनेच बंद होतोय, मग ती चालणार कधी? दुरुस्ती झाल्यावर मेन स्विच बंद करा, अर्धा तास थांबा, मग लावा. सुरू होताना ‘ढम्म’ असा आवाज यायला हवा. तीन-चार दिवस असं करूनही डाग राहिला किंवा आवाजच आला नाही, तर त्या कॉईलला वीज देऊन लगेच तोडणारा पॉझिस्टर बदलायला सांगा.

सुटे भाग पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत शोधा. जाताना सेटचा मॉडेल नंबर आणि आयसीवरची अक्षरं फोनमध्ये टिपून घेऊन जा, आणि आयसीवरची अक्षरं मेकॅनिकलाच वाचायला सांगा. मेकॅनिक निवडताना त्याला ‘वर दुमडत होतं, मग रेघ आली’ एवढंच सांगा. तो लगेच व्हर्टिकलबद्दल बोलू लागला तर सेट त्याच्या हवाली करा.