तुमचे आई-बाबा पुण्याहून पहिल्यांदाच युरोपला निघालेत. तिकडे पासपोर्ट हरवला तर काय करायचं, हा तुमचा प्रश्न.

आधी जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवायची आणि तिची प्रत हातात घ्यायची. भाषा येत नाही म्हणून हे टाळू नका. दूतावासात आणि विम्यासाठी तोच कागद आधी मागतात.

मग भारतीय दूतावास. तिथे नवा पासपोर्ट किंवा इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं. सर्टिफिकेट फक्त भारतात परतण्यापुरतं चालतं, पुढचे देश सोडावे लागतात. नवा पासपोर्ट घेतला तरी जुन्यातला व्हिसा त्यात आपोआप येत नाही. आई-बाबांना मी तरी सरळ घरी या म्हणेन. पुण्यात आल्यावर मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात रीतसर अर्ज करता येतो. आणि हो, हरवल्याची नोंद झालेला पासपोर्ट नंतर सापडला, तरी त्यावर प्रवास करायचा नाही. तो रद्द झालेला असतो.

मला खरी काळजी वाटते ती फोनची. तो गेला की ओटीपी, तिकिटं, तुमचा नंबर, सगळंच गेलं. म्हणून एक बँक कार्ड बाबांकडे, दुसरं आईंकडे ठेवा. पासपोर्ट-व्हिसाच्या झेरॉक्स आणि फोटो दोघांच्या वेगवेगळ्या बॅगांत, आणि तुमचा, बँकेचा, विमा कंपनीचा नंबर चक्क कागदावर, मोठ्या अक्षरात लिहून द्या.

तब्येत बिघडली तर युरोपीय संघात कुठेही ११२, फोन फुकट लागतो. विमानातली बॅग आली नाही, तर विमानतळाबाहेर पडण्याआधीच विमान कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार करून पावती घ्यायला सांगा.